पाणचक्कीला लागून खाम नदी असताना पाणी इतक्या लांबून का आणलं?

तुमचा प्रश्न असा आहे की, छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की खाम नदीच्या काठावर आहे, तरी तिच्यासाठी कित्येक किलोमीटरवरून, डोंगराकडून नळ का टाकले. मला याचं उत्तर पाणचक्कीत नाही, उत्तराखंडातल्या एका घराटापाशी उमगलं.

घराट म्हणजे ओढ्याकाठचं पाण्यावर चालणारं जातं. तिथेही ओढा शेजारूनच खळाळत होता, पण पाणी वरच्या अंगाला दगडांचा बांध घालून पाटात वळवलं होतं. या पाटाला तिकडे गूल म्हणतात. गूल डोंगराच्या कडेकडेने अगदी बेताच्या उताराने येते, ओढा मात्र भराभर उतरतो. त्यामुळे घराटापाशी गूल ओढ्यापेक्षा चांगली दोन पुरुष उंच होती. तिथून पाणी पन्हळीतून सुटतं आणि खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. चाकाचा उभा दांडा खालच्या तळीतून वर जाऊन वरची तळी फिरवतो. दाण्यांच्या टोपलीला अडकवलेली एक काडी फिरत्या दगडावर टकटकते, त्या हिसक्यांनी दाणे पडतात. जातं मंदावलं की दाणेही आपोआप कमी! मी तिथे तासभर बसून होतो.

म्हणजे पाणी किती, याइतकंच ते किती उंचावरून पडतं हेही महत्त्वाचं. सेकंदाला 50 लिटर पाणी 4 मीटर पडलं तर जवळपास 2 किलोवॅट शक्ती मिळते. पात्यांवर त्यातली निम्मी वाया गेली तरी घरगुती चक्कीच्या एक अश्वशक्तीच्या मोटरपेक्षा ती जास्तच.

खाम वाहते खाली, आणि उन्हाळ्यात रोडावते. उंची हवी तर पाणी उंचावरूनच यायला हवं. पाणचक्कीची नहर, म्हणजे लांबून पाणी आणणारी वाट, बंद खापरी नळांतून येते. बंद नळातलं पाणी मधल्या सखल भागात उतरून पुन्हा जवळजवळ उगमाच्या पातळीपर्यंत चढू शकतं. वाटेतल्या मनोऱ्यांत ते वर येतं, कोंडलेली हवा सुटते, दाब कमी होतो. पुण्यात कात्रजच्या नळावर अशांनाच उच्छ्वास म्हणतात.

(मलिक अंबरची नहर 17 व्या शतकाच्या सुरुवातीची, शहराला पाणी पुरवायला बांधलेली. पाणचक्कीची नहर वेगळी, नंतरची.)

म्हणूनच रस्ता खोदताना जुना खापरी नळ फुटला की मला फार वाईट वाटतं. मध्ये एका जागी फुटला, तरी पुढची सगळी उंची जाते.