जिम क्रोची हा एकाच गाण्याचा गायक होता का?

तुमचा प्रश्न असा आहे: 'टाइम इन अ बॉटल' हे गाणं सोडलं तर अमेरिकन गायक-गीतकार जिम क्रोचीचं असं आहे तरी काय? आणि विमान अपघातात गेला नसता तर त्याचं नाव आज कुणाला ठाऊक असतं का?

असतं. अपघात २० सप्टेंबर १९७३चा. त्याआधीच, जुलैमध्ये, त्याचं 'बॅड, बॅड लीरॉय ब्राउन' बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी 'यू डोन्ट मेस अराउंड विथ जिम' आठव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पण तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. 'टाइम इन अ बॉटल' गाजलं ते तो गेल्यावरच, आणि त्या एका हळव्या गाण्याखाली बाकीचा क्रोची झाकला गेला. हा बाकीचा क्रोची खवचट आहे, गप्पिष्ट आहे, ट्रक चालवून आलेला आहे. मला तोच जास्त आवडतो, त्यामुळे हे उत्तर जरा त्याच्या बाजूने झुकलेलं वाटलं तर समजून घ्या.

जन्म १० जानेवारी १९४३चा, दक्षिण फिलाडेल्फियातल्या इटालियन वंशाच्या घरातला. व्हिलानोव्हा विद्यापीठातून १९६५ साली पदवी, विषय मानसशास्त्र. मुलाने गाणंबिणं पुरे करून नीट नोकरीला लागावं, ही घरच्यांची इच्छा. (हे मराठी वाचकाला उलगडून सांगायची गरज नाही.) १९६६ साली इन्ग्रिडशी लग्न झालं तेव्हा आईवडिलांनी ५०० डॉलर आहेर दिला, पण अट घातली की त्यातून रेकॉर्डच काढायची. हिशेब असा, की रेकॉर्ड पडून राहील आणि पोराच्या डोक्यातलं खूळ जाईल. त्याने 'फॅसेट्स' नावाची रेकॉर्ड केली, ५०० प्रती छापल्या आणि सगळ्या विकल्या.

पुढची काही वर्षं मात्र हलाखीची. १९६८ला दोघं नवराबायको न्यू यॉर्कला गेली, कॅपिटल कंपनीने १९६९मध्ये दोघांच्या आवाजातली रेकॉर्ड काढली, ती चालली नाही. शहराचा वीट आल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या लिंडेल गावी एका जुन्या शेतघरात बिऱ्हाड हलवलं. भाडं भागवायला गिटारी विकल्या. ट्रक चालवले, बांधकामावर राबला, तिथेच घणाचा घाव बसून बोट मोडलं आणि मग त्या बोटाशिवाय तारा छेडायची वेगळी पद्धत बसवावी लागली. त्याची गाणी ऐकताना हा काळ सतत जाणवतो. पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळून पैसे लुबाडणारे, गाड्या धुणारे, शर्यतीत जुन्या मोटारी पळवणारे लोक त्याच्या गाण्यात येतात ते लांबून पाहिलेले नाहीत, त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्लेला आहे.

लीरॉय ब्राउनचंच बघा. क्रोची काही काळ नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या राखीव सैन्यदलात होता, फोर्ट डिक्सच्या लष्करी छावणीत टेलिफोन लाइनमनचं प्रशिक्षण चालू होतं. तिथला एक पठ्ठ्या कंटाळून न सांगता पळाला आणि महिनाअखेरीला पगार घ्यायला परत आला. अर्थातच पकडला गेला. इतका बेधडक मूर्खपणा वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून क्रोचीने त्याच्यावरून शिकागोच्या दक्षिण भागातला दांडगट उभा केला. १९७४मध्ये फ्रँक सिनात्रानेही हे गाणं गायलं. मला मूळचंच बरं वाटतं; सिनात्रा टाय लावून गातो असं वाटत राहतं.

आणि 'ऑपरेटर'. एकच गाणं ऐकायचं असेल तर हे ऐका. हेही लष्करी छावणीतूनच आलं: पावसात सार्वजनिक फोनसमोर रांगेत उभे असलेले जवान, कुणाची प्रेयसी दुसऱ्याबरोबर गेलेली, आणि हातात फक्त एक नाणं. गाण्यातला माणूस ट्रंक कॉल लावून द्यायला ऑपरेटरबाईंना विनवतो. नंबर काडेपेटीच्या पाकिटावर लिहिलेला, जुना, पुसट. त्याची प्रेयसी लॉस एंजेलिसला असते, याच्याच जिवलग मित्रासोबत. तो म्हणतो, मला फक्त एवढंच कळवायचंय की मी आता सावरलोय. मध्येच डोळ्यांत काहीतरी गेल्यामुळे नंबर वाचता येत नाही म्हणतो. शेवटी म्हणतो राहू द्या, फोन नकोच, ते नाणं तुम्हीच ठेवा. म्हणजे ज्या बाईशी बोलायचं तिच्याशी एक अक्षर बोलणं होत नाही, आणि सगळं मन मोकळं होतं ते ज्यांचा चेहराही पाहिलेला नाही अशा बाईंपाशी. चार मिनिटांच्या आत एक अख्खी कथा. हे यादीत १७व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही, यावरून यादीला किती महत्त्व द्यायचं ते ठरवा.

आता एक नाव, जे सहसा कुणी सांगत नाही: मॉरी म्यूलाइझन. न्यू जर्सीच्या ट्रेंटनचा, क्रोचीहून सहा वर्षांनी लहान, पियानोचं शास्त्रीय शिक्षण घेतलेला आणि गिटार मागाहून हातात धरलेला. १९७०मध्ये एका सामायिक मित्रामुळे दोघांची गाठ पडली. गंमत म्हणजे सुरुवातीला मॉरी मुख्य कलाकार होता आणि क्रोची त्याच्या मागे गिटार धरून बसायचा; कॅपिटलने मॉरीची स्वतंत्र रेकॉर्डही काढली होती. नंतर भूमिका उलटल्या. मी हौशी गिटारवाला आहे, आणि यूट्यूबवर 'क्रोचीसारखं वाजवा' म्हणून जे शिकवतात त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात मॉरीचं असतं. क्रोची खाली ठेका आणि सूर धरून ठेवतो, मॉरी वरच्या पट्टीत त्याच्या गाण्याला उत्तरं देत जातो. गायकाने जागा मोकळी सोडली की हार्मोनियमवाला ती भरतो, तसं. पण भरतो किती, तर नेमकं तेवढंच.

'टाइम इन अ बॉटल'मध्येही तेच आहे. डिसेंबर १९७०मध्ये इन्ग्रिडला दिवस गेल्याचं कळल्यावर क्रोचीने ते लिहिलं. तीन मात्रांचं, दादऱ्यावर मान डोलवावी अशा चालीचं. कडवी डी मायनर या उदास छटेच्या पट्टीत, खालचा सूर एकेक पायरी उतरत जाणारा, आणि ध्रुवपदाला तेच डी मेजरमध्ये उजळतं. ते हार्पसिकॉर्डचे (पियानोसारख्या जुन्या वाद्याचे) कातीव स्वर? ते वाद्य आधीच्या कुणाच्या तरी ध्वनिमुद्रणासाठी आणलेलं स्टुडिओत पडून होतं, निर्माता टॉमी वेस्टची नजर गेली आणि त्याने ते वाजवलं. 'यू डोन्ट मेस अराउंड विथ जिम' या १९७२च्या रेकॉर्डवर हे गाणं होतंच, पण एकेरी तबकडी म्हणून काढायचं कुणाच्या मनात नव्हतं. १२ सप्टेंबर १९७३ला एका टीव्हीपटात ते वाजलं आणि रेडिओ केंद्रांकडे फर्माइशी सुरू झाल्या. आठच दिवसांनी लुइझियानातल्या नॅकिटॉश इथे कार्यक्रम संपवून निघालेलं छोटं विमान धावपट्टीच्या टोकाला पेकनच्या झाडावर आदळलं. सहाही जण गेले. क्रोची ३०चा, मॉरी २४चा. मुलगा ए. जे. तेव्हा दोन वर्षांचाही पूर्ण नव्हता. डिसेंबरअखेर गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि जानेवारी १९७४मध्ये जुनी १९७२ची रेकॉर्डही.

तेव्हा मृत्यूचा वाटा आहेच, नाही कशाला म्हणू? पण मृत्यूने लोकांचं लक्ष वेधलं, गाणी आधीच तयार होती.

पैशांची कथा वेगळी आणि कडू आहे. १९६८मध्ये क्रोची आणि इन्ग्रिडने निर्मात्यांशी तीन करार केले: ध्वनिमुद्रण, प्रकाशन हक्क आणि व्यवस्थापन. टॉमी वेस्ट तर कॉलेजातला मित्र. करार समजावून सांगितला तो निर्मात्यांच्याच बाजूच्या वकिलाने, आणि तुमचा वेगळा वकील बघा एवढं एक वाक्य त्याने उच्चारलं नाही. पुढे इन्ग्रिड कोर्टात गेली. १९८२मध्ये न्यू यॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने म्हटलं की वकिलाने विश्वासाच्या नात्याचा भंग केला. पण करार रद्द ठरवण्याइतके अन्यायकारक आहेत, हे काही मान्य केलं नाही. म्हणजे अर्धा न्याय. अमेरिकेत वकिली शिकणाऱ्या मुलांना हा खटला आजही अभ्यासाला असतो. क्रोचीचा हाही एक वारसा म्हणायचा.

आणखी एक गैरसमज. 'आय गॉट अ नेम' हे त्याचं आत्मचरित्र असल्यासारखं लोक ऐकतात, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ते बाजारात आल्यामुळे तर जास्तच. पण ते त्याने लिहिलेलं नाही. शब्द नॉर्मन गिम्बलचे, चाल चार्ल्स फॉक्सची, आणि झालं होतं एका चित्रपटासाठी. गायलंय मात्र असं की आपलंच वाटावं.

मागे उरलेली सामग्री तशी थोडकी आहे: मॉरीबरोबरच्या तीन रेकॉर्डी, 'यू डोन्ट मेस अराउंड विथ जिम', 'लाइफ अँड टाइम्स' आणि मरणोत्तर आलेली 'आय गॉट अ नेम'. त्याआधीच्या दोन सांगितल्याच. नंतर संकलनं, आणि २००३मध्ये घरच्या टेपांवरून काढलेली एक. मुलगा ए. जे. पियानोवादक झाला आणि अनेक वर्षं वडिलांची गाणी मुद्दाम टाळत राहिला. मग वडिलांच्या घरगुती टेपा साफ करताना त्याला जुन्या जाझ पियानोवादक फॅट्स वॉलरचं एक आडबाजूचं गाणं सापडलं, जे तो स्वतः पोरवयापासून वाजवत आला होता. आता तो बापाच्या गाण्यांचे कार्यक्रम करतो.

कुठून सुरुवात करायची? 'ग्रेटेस्ट हिट्स'पासून नको, त्यात हळवी गाणी बरीच आहेत आणि तुमचा मूळ संशय पक्का होईल. १९७२ची रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून सलग ऐका. 'न्यू यॉर्क्स नॉट माय होम' आणि 'बॉक्स नंबर टेन' ही दोन गाणी लागोपाठ ऐकलीत की शहरात येऊन हात पोळलेला तरुण भेटेल. मुंबई-पुण्यात खोली शोधत फिरलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. मग तिसऱ्या रेकॉर्डवरचं 'वर्किंग अॅट द कार वॉश ब्लूज': आपली जागा खरं तर एसी ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत आहे अशी खात्री असलेला, गाड्या पुसणारा माणूस. त्यानंतर यूट्यूबवर क्रोची आणि मॉरीचं 'ऑपरेटर' प्रत्यक्ष वाजवतानाचं चित्रण शोधा, आणि क्रोचीच्या मिशांवरची नजर काढून शेजारच्या पोराच्या बोटांकडे बघा.