स्वतःकडे जुनी गाडी नसताना क्लासिक कारच्या संध्याकाळच्या मीटला जावं का? तिथे नेमकं काय पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जुन्या गाड्यांचे शौकीन अधूनमधून रविवारी संध्याकाळी जमतात असं कळलं, तुमच्याकडे तशी गाडी नाही, इंजिनातलं फारसं कळत नाही, सोबत नऊ वर्षांची मुलगी असेल. तर जावं का, आणि गेलात तर फोटो काढण्यापलीकडे काय करायचं?

जरूर जा. आमच्या घरी वडिलांच्या वेळची फियाट डिलाइट आहे, ती घेऊन मी अशा मीटला वर्षानुवर्षं जातोय, आणि येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक गाडी नसलेलेच असतात. ही काही रॅली नव्हे. तिकीट नाही, बक्षीस नाही, फीत कापायला पाहुणा नाही. कुणाच्या तरी ओळखीने मंगल कार्यालयाचं पार्किंग नाहीतर शाळेचं मैदान मिळतं, व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो आणि ऊन उतरलं की एकेक गाडी आत यायला लागते. ज्याने पोराबाळासारखी गाडी सांभाळली आहे त्याला ती कुणीतरी निरखून बघावी असं मनापासून वाटतं. तुम्ही उपरे नाही, तुमच्यासाठीच तर तो ती घेऊन आलेला असतो.

माझं एकच सांगणं आहे. सगळ्यात चकचकीत गाडीपाशी सगळ्यात कमी वेळ घालवा. जी गाडी रस्त्यावरून चालत आली आहे ती बघा, आणि ती चालती ठेवणारा मिस्त्री कोण ते शोधा.

त्यासाठी वेळ सांभाळावी लागेल. साडेचार-पाचला पोचा, साडेसातला नको. उशिरा गेलात तर रांगेत उभ्या केलेल्या, फडक्याने पुसलेल्या गाड्या दिसतील आणि त्या छानच दिसतील, पण गाड्या आत येतानाचा आवाज हुकेल. काही गाड्या टेम्पोवर चढवून आणलेल्या असतात. काही मात्र रविवार संध्याकाळच्या गर्दीतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत, एसीशिवाय, तापमानाच्या काट्यावर एक डोळा ठेवून आलेल्या असतात. गेटातून आत आल्यावर मालक लगेच बंद करत नाही, थोडी न्यूट्रलवर चालू ठेवतो. तेव्हा मागे जाऊन सायलेन्सरपाशी कान द्या. फियाटचं 1089 सीसीचं इंजिन नीट ट्यून केलेलं असलं की त्याचा ठेका एकसारखा असतो, मध्ये कुठे अडखळ नाही. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर ठराविक अंतराने ‘फुस्’ येतं. मिस्त्री त्याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात. दोन-तीन गाड्या ऐकल्या की हा फरक तुमच्याही कानाला कळेल, त्याला शिक्षण लागत नाही.

संध्याकाळच्या उन्हाचा दुसरा उपयोग पत्रा बघायला. सूर्य खाली आला की गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी जा, गुडघ्यात वाका आणि दरवाजांवरून पुढे नजर टाका. पत्रा मूळचा, सपाट असेल तर समोरच्या झाडाचं प्रतिबिंब त्यावर सलग दिसतं. सडलेल्या पत्र्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून वर रंग मारला असेल तर तेच झाड मध्येच फुगतं, मध्येच आखडतं. दुपारच्या उन्हात किंवा हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली हे इतकं स्पष्ट दिसत नाही. दरवाजाची खालची कड खास बघा. काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथे साठतं, तळाची बारीक भोकं मातीने बुजली की ते बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून कुजतो. मुंबईत समुद्रालगत आयुष्य काढलेली गाडी असेल तर विचारायलाच नको. हे सगळं मनात नोंदवा, मालकाला ऐकवू नका. पत्र्याचं काम किती खर्चाचं आणि किती चिकाटीचं असतं ते त्यालाच ठाऊक.

मला स्वतःला मूळ रंगाची, थोडी विटलेली गाडी नव्या रंगाच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. स्टिअरिंगवर जिथे हात टेकतात तिथली झिलई गेलेली, ड्रायव्हरच्या बाजूचं सीट एका कडेने बसलेलं, डॅशबोर्डवर कधीतरी चिकटवलेल्या गणपतीची पुसट खूण. हे एकदा काढून टाकलं की पुन्हा आणता येत नाही. साठच्या दशकातल्या फियाटला आजच्या गाडीचा झगमगीत मेटॅलिक रंग दिला की ती गाडी कुठली, कुणाची, कशी वापरलेली हे सगळं त्या रंगाखाली जातं. मालकाची हौस असते, तिचा मान राखावा, पण माझं मत विचाराल तर असं आहे.

आता कुठल्या गाड्या दिसतील. महागडी परदेशी गाडी एखाददुसरी असते आणि तिच्याभोवती गर्दी असतेच. तुम्ही फियाटपासून सुरुवात करा, कारण ती आपल्या इथली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट 1100 बनायला लागली. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलला आपल्याकडे सगळे प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. एखादी आलेली असेल तर पुढचा दरवाजा उघडून दाखवायला सांगा. बिजागऱ्या मधल्या खांबाला असल्यामुळे तो उलट्या बाजूने उघडतो, आणि साडी नेसलेल्या बाईला आत बसणं-उतरणं किती सोपं जात असेल ते बघताक्षणी कळतं. 1964 ला डिलाइट आली, 1974 ला तिचीच पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली. त्यामुळे मीटला आलेल्या पद्मिनीपाशी आता तिशीतली मुलंही रेंगाळतात, पूर्वी तिच्याकडे कुणी वळूनही बघत नसे.

अ‍ॅम्बेसेडर असेलच. बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनायची, मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि 2014 मध्ये बंद होईपर्यंत तिचा ढाचा फारसा बदलला नाही. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आली असेल तर तिचं बॉनेट उघडेपर्यंत हलू नका. बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाक, दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट पुढे कलतं आणि इंजिन, पुढची चाकं, सस्पेन्शन सगळं उघडं पडतं. मिस्त्री चक्क टायरवर बसून काम करतो. गाडी कशी चालते हे ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी यापेक्षा चांगला धडा नाही. चाळीस-पन्नासच्या दशकातली शेव्हरोले दिसली तर ती कुठे जोडली ते विचारा. 1928 पासून जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता आणि पन्नाशीच्या दशकात सरकारी धोरण बदलल्यावर त्यांनी इथला गाशा गुंडाळला. म्हणजे ती ‘अमेरिकन’ गाडी कदाचित शिवडीच्या कामगारांच्या हातची असेल. कोपऱ्यात तरुण पोरांचा वेगळा घोळका असतो, कॉन्टेसा आणि प्रीमियर 118 एनई यांचा. या दुसरीत पत्रा फियाट 124 चा आणि इंजिन निस्सानचं. पहिल्या मारुती 800 गाड्यांनाही चाळिशी उलटली, त्याही हल्ली येतात आणि त्यांना जागा मिळाली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मिस्त्रीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण माझ्या लेखी मीटचा जीव तिथे आहे. तो ओळखू येतो. गाड्यांचे फोटो काढत नाही, कुठल्यातरी उघड्या बॉनेटपाशी हात मागे बांधून उभा असतो. गेल्या हिवाळ्यात एक हेराल्ड येतानाच मिसिंग मारत होती. मालक म्हणाला प्लग बदला. तिथे आलेले एक वयस्क मिस्त्री काहीच बोलले नाहीत, डेल्कोची, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढली, बॅटरीच्या उजेडात आतल्या पॉइंटकडे बघितलं. हे पॉइंट म्हणजे नखाएवढे दोन संपर्क. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला ते दोनदा उघडतात आणि तेव्हाच ठिणगी पडते. त्यांच्या तोंडावर काळा थर बसला होता. मिस्त्रींनी पॉलिश पेपरच्या पट्टीने ते घासले, फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या साधनाचं, पातळ पातं मध्ये सरकवलं, स्क्रू किंचित फिरवला, पातं पुन्हा सरकवलं. पातं अडकायला नको आणि सैलही पडायला नको, हाताला जराशी ओढ जाणवली पाहिजे, असं त्यांनी शेजारच्या कॉलेजच्या पोराच्या हातात गेज देऊन त्यालाच करून बघायला लावलं. मग सेल्फ मारला. इंजिन एकसारखं फिरायला लागलं आणि भोवती उभे असलेले सगळे गप्प होऊन ऐकत राहिले. एकही नवा पार्ट लागला नाही.

अशी माणसं आता थोडी उरली आहेत आणि त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत, येणार तरी कशाला, स्कॅनर लावून चालणाऱ्या गाड्यांचं काम जास्त आणि पैसाही जास्त. गाड्या तिजोरीत ठेवूनही टिकतील, हाताला जाणवणारी ती ओढ तशी टिकवता येत नाही. म्हणून नवख्या माणसाला मी सांगतो, तुमच्या फोनमध्ये गाडीचा फोटो नसला तरी चालेल, मिस्त्रीशी बोलल्याशिवाय येऊ नका. ‘उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडली तर काय करता?’ एवढंच विचारा. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे कसं सरकत नाही, पंपावर ओलं फडकं टाकून किती वेळ थांबायचं, हे तो रंगवून सांगेल.

मालकांशी बोलायला विषय लागत नाही. ‘किंमत किती?’ हा पहिला प्रश्न तेवढा टाळा. ‘ही तुमच्याकडे कुणाकडून आली?’ असं विचारा, मग गप्पा आपोआप सुरू होतात. पार्ट कुठून आणले हे विचारलंत तर नाना पेठ, कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार अशी भ्रमंती ऐकायला मिळेल. सध्या सगळ्यांच्या तोंडी इथेनॉलचा विषय आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा जुन्या रबरी नळ्यांवर आणि पंपाच्या पडद्यावर परिणाम होतो, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते त्रासाचं ठरतं. कुणी नळ्या बदलल्या, कुणी गाडी आठवड्याला फिरवायला लागलं, यावर तासभर चर्चा चालते आणि ती ऐकण्यासारखी असते.

पाट्यांवरूनही कुणीतरी बोलेलच. 1989 पूर्वीच्या नंबरात तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत, आणि तो नंबर जपणं हा मालकांचा जिव्हाळ्याचा विषय. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. मला विचाराल तर ज्याला गाडी खरंच चालवायची आहे त्याने नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण करत राहावं.

थोडी शिस्त. न विचारता हात लावू नका, दरवाजा तर अजिबात उघडू नका. गाडीला टेकून फोटो नको, पट्ट्याचं बक्कल आणि पर्सची साखळी यांनी रंगावर ओरखडे उठतात. मालकाला ‘जरा रेस द्या ना’ म्हणून गळ घालू नका, थंड इंजिनाला ते मानवत नाही आणि शेजारच्या सोसायटीने तक्रार केली की पुढच्या वेळी ती जागा मिळत नाही.

मुलीला नक्की न्या. तिच्यासाठी मालकाला विचारून दोन गोष्टी करा. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या मॉडेलला हेडलाइटचा डिपर पायाशी असतो, क्लचच्या शेजारी एक बटण. तिला ते पायाने दाबू द्या आणि तुम्ही समोर उभे राहून उजेड वर-खाली होतो का ते तिला सांगा. आणि पन्नासच्या दशकातली मॉरिस मायनर आलेली असेल तर तिचा इंडिकेटर दाखवा. दिवा लुकलुकत नाही, दरवाजामागच्या खांबातून पिवळा हात बाहेर येतो. लहान मुलं ते पुन्हा पुन्हा करायला लावतात आणि मालकही कंटाळत नाहीत.

पाण्याची बाटली न्या, मैदानावर धूळ असते. आणि निघण्यापूर्वी पुढच्या वेळचा निरोप कुठल्या ग्रुपवर येतो ते कुणालातरी विचारून ठेवा, जागा बहुतेक दर वेळी बदलते.