नानांची केबिन : डिसेंबरची पत्रं, लक्ष्याची

डिसेंबर उजाडला की माझ्याकडच्या पत्रांत लक्ष्या शिरतो. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले. मूत्रपिंडाचं दुखणं, वय अवघं पन्नास. त्याला वीस वर्षं उलटून गेली तरी पत्रं कमी होत नाहीत, म्हणून यंदा सगळं सदर त्यांनाच. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी समीक्षक नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका पडद्याच्या टॉकीजमध्ये पंचवीस वर्षं ऑपरेटर होतो. केबिनच्या वीतभर खिडकीतून जे दिसलं, तेवढंच मला ठाऊक. आणि पुढे त्यांना 'लक्ष्या'च म्हणणार आहे. कुणी रागावू नये.

नाना, माझा जन्म २००५चा. 'अशी ही बनवाबनवी' मोबाईलवर तीस वेळा तरी पाहिलाय. आई म्हणते, "थेटरात नाही पाहिलास म्हणजे पाहिलाच नाहीस." एवढा काय फरक होता?
– कॉलेज विद्यार्थिनी, लातूर

फरक हा, की थेटरात निम्मे संवाद ऐकूच यायचे नाहीत.

लक्ष्या आला नाटकातून. साहित्य संघात नोकरी करता करता बारीकसारीक कामं करायचा, मग 'टुरटुर'ने नाव झालं. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य तोंडात धरून ठेवतो. रीळ कुणासाठी थांबत नाही. लोक हसोत नाहीतर छाती पिटोत, सेकंदाला २४ फ्रेम सरकणारच. लक्ष्याचा परशा पार्वती होऊन पहिल्यांदा पडद्यावर आला, की त्यानंतरचं बोलणं आमच्या गावात पहिल्या आठवड्यात तरी कुणी ऐकलेलं नाही. पदर सावरतो, पण खांदा अजून परशाचाच. खालच्या स्टॉलमधली माणसं तेवढ्यावरच खुर्च्या बडवायची. आमच्या खुर्च्या पत्र्याच्या, म्हणजे विचार कर.

मग मी काय करायचो, पहिल्या दिवशी चारही खेळांना कान देऊन बसायचो आणि कुठे हशा फुटतो ते पेन्सिलीने केबिनच्या भिंतीवर लिहून ठेवायचो. 'री. ५, पार्वती आली, २ घर वर.' म्हणजे त्या जागी आवाजाची मूठ दोन घरं वर न्यायची. दुसऱ्या दिवसापासून लोक हसायच्या आत माझा हात मुठीवर. शनिवार-रविवार हे फार छान जमायचं. सोमवारी मॅटिनीला एकोणीस डोकी, आणि मी सवयीने मूठ फिरवलेली. एवढा आवाज झाला की रस्त्यापलीकडचा पानपट्टीवाला चुन्याचं बोट तसंच घेऊन विचारायला आला, "काय फुटलं?"

हुकलेली वाक्यं ऐकायला लोक दुसऱ्यांदा यायचे. तिसऱ्यांदा आलेले ती वाक्यं लक्ष्याच्या आधी मोठ्यांदा म्हणायचे, म्हणजे दुसऱ्यांदा आलेल्यांना पुन्हा काही ऐकू नाही. तेव्हा आईला सांग, थेटरात तुम्ही पाहिलात हे खरं, पण नीट ऐकला मीच.

'एक होता विदूषक' लोकांनी खरंच नाकारला, की तो नीट दाखवलाच गेला नाही?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं.

१९९२चा सिनेमा. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन पु. लं.चं, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला सोंगाड्या आबुराव सिनेमात जातो, पुढे राजकारणाच्या फडातही ओढला जातो. त्या सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आमच्या गावी रिळांची पेटी आली ती बऱ्याच दिवसांनी. मराठी सिनेमाच्या प्रिंटा मोजक्या, मोठी गावं उरकून त्या आमच्याकडे यायच्या. पोस्टरवर लक्ष्या, नावात विदूषक. लोक पोराबाळांना घेऊन आले, खिशात शेंगदाणे घेऊन आले.

पहिली काही रिळं ठीक गेली, फडाची मजा होती. पुढे पुढे लक्ष्या हसवेना. तो गप्प बसायचा आणि त्याचा चेहरा पडदाभर. त्या गप्प बसण्यात लोकांना आधी वाटलं की आता काहीतरी विनोद येणार, म्हणून ते हसायच्या तयारीत थांबले. तो आलाच नाही. मग शिट्ट्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओरडलं, "लक्ष्या, बरं नाही का रे?" त्यावर सगळं थेटर हसलं. त्या सिनेमाला आमच्याकडे मिळालेला सगळ्यात मोठा हशा तो, आणि तो लक्ष्याने मिळवलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी खालून निरोप आला, अकरावं रीळ गाळा, लोक उठतात. हजार फुटांचं रीळ, म्हणजे अकरा मिनिटं. मी गाळलं. नोकरी होती, घरात दोन लहान मुलं होती, हे सगळं खरं. पण हातही माझेच होते. आठवडाभर आमच्या गावाने तो सिनेमा अकरा मिनिटं कमी पाहिला आणि एकाही माणसाने येऊन विचारलं नाही, की मधलं कुठं गेलं. त्याचं मला जास्त लागलं.

तेव्हा नाकारला की दाखवला गेला नाही? आमच्या गावापुरतं उत्तर, दोन्ही. पुढे दूरदर्शनवर लागला तेव्हा मी अख्खा पाहिला. लक्ष्याला फक्त अचरट विनोदांत मोजणाऱ्यांनी तो एकदा पाहावा. त्यातली त्याची शांतता मला त्याच्या कुठल्याही धावपळीपेक्षा मोठी वाटते. हे मी आज म्हणतो. तेव्हा मीही खिडकीशी उभा राहून म्हटलं होतं, "आता उठ बाबा, काहीतरी कर."

लक्ष्या मोठा की अशोकमामा?
– एक वाचक, कराड

गेल्या वर्षीही तुम्हीच विचारलं होतं. अक्षर ओळखतो मी. पुढचं पत्र.

'झपाटलेला'मध्ये लक्ष्या खरंच पोटातून बोलायचा का?
– आठवीतला विद्यार्थी, कणकवली

नाही रे. महेश कोठारेंच्या या १९९३च्या सिनेमात लक्ष्याचं काम शब्दभ्रमकाराचं होतं, पण बाहुल्यांची करामत रामदास पाध्ये यांची. त्या क्षेत्रातलं ते मोठं नाव. ज्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, तो तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर.

पण एक प्रयोग कर. पुन्हा पाहशील तेव्हा बाहुल्याकडे बघूच नकोस, लक्ष्याच्या डोळ्यांकडे बघ. बाहुला लाकूड-कापडाचा, तो जिवंत वाटतो कारण समोरचा माणूस त्याला खरोखर घाबरलाय. आमच्याकडे सहाच्या खेळाला एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मध्यंतरात नातू मजेत भजी खात होता आणि आजी डोअरकीपरला विचारत होत्या, "ती पेटी रात्री तुम्ही कुठं ठेवता?" त्यांना वाटलं बाहुला पेटीतून येतो. पेटी माझ्याच केबिनमध्ये असायची. रात्री एकट्याने रीळ गुंडाळताना एक-दोनदा मीही मागे वळून पाहिलंय, हे आपल्या दोघांत ठेव.

हिंदीवाल्यांनी आपल्या लक्ष्याला नोकर आणि हिरोचा मित्र करून टाकलं. राग येत नाही का तुम्हाला?
– गृहिणी, इंदूर

ताई, यायचा. 'मैंने प्यार किया'मधला मनोहर, 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू. आमच्याकडे तो पडद्यावर आला की "आपला आला!" अशी आरोळी उठायची, नायकालाही एवढी नाही. मग तो चार वाक्यं बोलून चहाचा ट्रे घेऊन जायचा आणि स्टॉलमधली माणसं हिरमुसायची. पण एक सांगतो, ज्या गावांना मराठीचा गंधही नव्हता, तिथे त्याचा चेहरा पोचला तो त्या चार वाक्यांमुळेच. राग आणि अभिमान, दोन्ही एकाच तिकिटात.

ते गेले त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? आणि तुमच्याकडे त्यांच्या फिल्मचा तुकडा आहे असं ऐकलं. तो मला द्याल का? लागेल ती किंमत देतो.
– एक चाहता, ठाणे

केबिनमध्येच. गुरुवार होता. शुक्रवारी सिनेमा बदलतो, त्यामुळे गुरुवार हा पेटी बांधायचा दिवस. रात्रीच्या खेळाआधी डोअरकीपर वर आला आणि म्हणाला, "नाना, लक्ष्या गेला." मी म्हटलं, "कुठं?" खरंच तसंच विचारलं. तो काही न बोलता जिन्यावर बसला. खेळ दुसऱ्याच कुणाच्या तरी सिनेमाचा होता, तो वेळेवर सुरू केला.

तुकड्याचं ऐकलंत ते खरं आहे. 'थरथराट' चालू असताना रीळ अडकलं आणि दिव्याच्या उष्णतेने जळालं, तेव्हा दोन्ही टोकं कापून जोडावी लागली. जळका भाग फेकला, पण त्याच्या शेजारची तीन फूट पट्टी वाचली होती. सिमेंट लावून ती परत जोडता आली असती. मी जोडली नाही, बिस्किटाच्या डब्यात ठेवली. म्हणजे ही चोरीच. ४८ फ्रेम, दोन सेकंद. लक्ष्या मान वळवतो आणि तोंड उघडतो, एवढंच. काय बोलतो ते मलाही आता आठवत नाही.

किंमत नको आणि पोस्टाने पाठवणार नाही. सकाळी दहानंतर या, उजेड चांगला असतो. खिडकीशी धरून बघावं लागतं.