छोट्या घोड्याला गाडीला लावताना : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरी मिनिएचर घोडा असलेल्या वाचकांचे आहेत, एक नंदुरबार जिल्ह्यातला आहे. मिनिएचर म्हणजे, अमेरिकेतल्या एका नोंदणी संस्थेच्या मापानं, मानेवरची आयाळ जिथं संपते तिथल्या शेवटच्या केसापर्यंत मोजून 34 इंचांच्या आतला, साधारण 86 सेंटिमीटरचा घोडा. तिथल्याच दुसऱ्या एका नोंदणी संस्थेत 38 इंचांपर्यंतचाही वर्ग आहे. वजन बहुधा 80 ते 110 किलो.

प्रश्न : आमचं शिंगरू सोळा महिन्यांचं आहे. उंची 31 इंच, अंग भरलेलं, स्वभाव शांत. अगदी हलकी गाडी आणि बसायला आठ वर्षांची मुलगी, एवढं चालेल का? (टेक्सास)

नाही. उंची भरली म्हणजे हाडं भरली असं नाही. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढीची चकती मिटायला दोन ते अडीच वर्षं लागतात, पाठीच्या मणक्यांना पाच-सहा. तुम्ही गाडी हलकी ठेवाल, पण वळताना दांड्यांचा धक्का अंगावर येतो, खड्ड्यात चाक आपटलं की हिसका बसतो, आणि हे सगळं कोवळ्या सांध्यांवर जातं. लहान गोलात गरागरा फिरवणंही याच कारणासाठी टाळा.

आमचा क्रम साधा आहे. दोन वर्षांपर्यंत हातात दोर धरून चालवणं, दोनाचा झाला की लांब दोऱ्यांवर, तीन पूर्ण झाले की रिकामी आणि मग हलकी गाडी, चार पूर्ण झाल्यावर नेहमीचं काम. आत्ता बरंच काही करता येईल. रोज चारही खूर उचलून घ्या, खरारा करा, रस्त्याच्या कडेनं हातात धरून फिरवा. कचऱ्याची गाडी, सायकल, पावसात उघडलेली छत्री हे सगळं त्याला तुमच्या शेजारून बघू द्या. आणि एका जागी, न बांधता, उभं राहायला शिकवा. आधी दहा सेकंद, मग वाढवत दोन मिनिटं. नर असेल आणि पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर याच वयात खच्ची करून घ्या.

कडियाळं, म्हणजे तोंडातली लोखंडी कडी, चढवण्याआधी दात तपासून घ्या. एवढ्याशा जबड्यात दातांची दाटी होते, आणि पहिल्या दाढेपुढचा बारका दात कडीखाली दुखला की घोडा डोकं झटकतो. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. बहुतेकांना साडेतीन इंची कडी लागते. दोन्ही बाजूंना पाव इंचापेक्षा जास्त बाहेर आली तर मोठी झाली.

प्रश्न : लांब दोऱ्यांवर चालवायचं म्हणजे नेमकं काय? किती दिवस? मी मागे गेलो की तो गर्रकन वळून माझ्याकडे तोंड करतो. (ओंटारियो)

तोंड करणारच. आजवर तुम्ही कायम त्याच्या डोक्याशी होतात, त्याच्या लेखी शहाणपणा तुमच्याकडे बघण्यातच आहे. म्हणून पहिल्या दिवशी थेट मागे जायचं नाही. दोन सुती पट्टे घ्या, प्रत्येकी 18 ते 20 फुटांचे. नायलॉन नको, हात कापतो. ते कडियाळ्याला नव्हे, डोक्यावरच्या साध्या मोहरकीच्या दोन्ही बाजूंना लावा आणि पाठीवरच्या गादीच्या खालच्या कड्यांतून, जिथं पुढं गाडीच्या दांड्या येणार तिथून, मागे आणा. मोठ्या घोड्याला वरची कडी चालते. इथं तुमचे हात घोड्याच्या पाठीपेक्षा उंच असतात, वरून आलेली दोरी पाठीवर घसरते आणि घोडा वळला की सगळा गुंता होतो. खालून आलेली दोरी त्याच्या कुशीला लागून राहते, म्हणून गर्रकन फिरायलाही जागा उरत नाही.

पहिले तीन-चार दिवस मदतनीस डोक्याशी चालेल, तुम्ही खांद्याच्या रेषेत, मग कुशीच्या, मग पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या. रोज एक पाऊल मागे. पूर्ण मागे आलात की लाथेच्या टप्प्याबाहेर, निदान सहा-सात फुटांवर राहा आणि किंचित एका बाजूला, म्हणजे एका डोळ्याला तुम्ही दिसत राहाल. हे जमलं की दोऱ्या कडियाळ्याला. झापडं सगळ्यात शेवटी, आणि ती चढवल्यावर दोन दिवस पुन्हा मदतनीस डोक्याशी.

शब्द चारच हवेत: चालायला, दुडकीला, थांबायला, मागे सरायला. मराठी घरांसाठी एक सूचना. बैलाला म्हणतात तसं ‘हो’ म्हणून थांबवू नका. फोनवर दर वाक्याला आपण ‘हो, हो’ म्हणतो आणि घोडा बिचारा दर वाक्याला थांबतो. महिनाभरात त्या शब्दाला काही किंमत राहत नाही. ‘थांब’ चांगला. तिथं कधी विकायचा झाला तर इंग्रजी ‘व्हो’ शिकवलेला बरा.

रोज पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, सहा ते आठ आठवडे. गाडी आणायची केव्हा, याला दिवस मोजू नका, पुढच्या गोष्टी मोजा. दुडकीतून नुसत्या आवाजावर तीन-चार पावलांत थांबतो. चार पावलं सरळ मागे सरतो. दोऱ्या सैल सोडून तुम्ही त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारली तरी जागचा हलत नाही. मागून डबा खडखडत नेला तर कान फिरवतो, पाय नाही. यातली एकही गोष्ट कच्ची असेल तर गाडी अजून अंगणातच राहू द्या.

प्रश्न : दोन महिने दोऱ्यांवर सोन्यासारखा चालला. गाडी लावली, सरळ वीस पावलं गेला, पहिल्या वळणाला दोन पायांवर उभा राहिला. काय चुकलं? (न्यू जर्सी)

मधली पायरी सुटली. मोकळा घोडा वळताना अंग धनुष्यासारखं वाकवतो. दांड्यांमध्ये त्याला वाकायला जागाच नसते. डावीकडे तोंड फिरवलं की डावी दांडी खांद्याला आडवी येते, उजवी मागून मांडीला टेकते. त्याला वाटतं कुणी दोन्हीकडून दाबतंय. गाडीचा घोडा वाकून वळत नाही, पुढचा एक पाय दुसऱ्यावरून टाकत आडवा सरकत वळतो आणि खांद्यानं दांडी ढकलतो. हे कुणी शिकवल्याशिवाय येत नाही.

दोन हलके पीव्हीसी पाइप घ्या, सुमारे आठ फुटांचे. एक टोक गादीच्या कड्यात, खांद्याच्या हाडाशी येईल असं, दुसरं मागे जमिनीवर घासत. बांधायची गाठ एका ओढीत सुटणारी हवी. उभं करून आधी पाइप हातानं त्याच्या अंगाला दोन्हीकडून टेकवा, दाबा, सोडा. मग डोक्याशी राहून एकेक पाऊल वळवा; पाय आडवा टाकला की लगेच थांबवून शाबासकी. पाइप खडीवर घासल्याचा आवाजही यातच अंगवळणी पडतो. आठ-दहा दिवस द्या. सुरुवातीलाच टायर बांधून ओढायला लावतात, ते आम्हाला पटत नाही. वळणात दोर मागच्या पायात येतो, आणि पायात दोर अडकलेला घोडा उधळला तर तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

ओढीची सवय माणसानं करावी. छातीपट्टा चढवा, ओढीचे दोन पट्टे मागे मदतनिसाच्या हातात द्या. चालताना त्यानं हळूहळू भार द्यायचा, घोडा छातीनं रेटला की सोडायचा.

आता पुन्हा गाडी लावताना : कुंपणाची जागा, सपाट घट्ट जमीन, किमान दोन माणसं, तिसरा असला तर उत्तम. घोडा गाडीत मागे सरकवू नका, तो उभा राहील आणि गाडी मागून दांड्या उचलून आणली जाईल. डोक्याला लगाम पूर्ण चढलेला हवा. दांड्या कड्यांत, मग ओढीचे पट्टे, मग पुठ्ठ्यावरच्या पट्ट्याचे बंद, शेवटी पोटाखालचा बंद. सोडताना बरोबर उलट. ओढीचे पट्टे सुटलेले आणि मागचे बंद अडकलेले असताना घोडा दोन पावलं पुढं गेला, तर सगळी गाडी पुठ्ठ्याला लटकते आणि लाथा सुरू होतात. गाडीत असताना लगाम कधीही, अगदी कान खाजवायलासुद्धा, डोक्यावरून काढायचा नाही. झापडं निघाली आणि मागचं चाक अचानक दिसलं की शहाणा घोडाही पळतो, आणि त्या क्षणी तुमच्या हातात काहीच नसतं. कडियाळ्याला बांधून खांबाशी उभा करणंही तसंच घातक.

पहिल्या चार-पाच वेळा कुणीही बसायचं नाही, लगाम धरून शेजारून चालायचं. दहा मिनिटं पुरे. बसण्याआधी चढण्या-उतरण्याचा सराव उभ्या गाडीत करा, कारण वजन पडलं की दांड्या हलतात आणि गादीवरचा भार बदलतो.

प्रश्न : छातीपट्ट्याखाली दोन्ही खांद्यांवरचे केस गेले. मऊ फेल्ट लावलं तरी तेच. (कॅलिफोर्निया)

आधी गाडीकडे बघा. ओढीचे पट्टे ज्या आडव्या दांड्याला अडकतात तो मधोमध खिळीवर फिरतो का? स्वस्त गाड्यांत ते पट्टे सरळ चौकटीच्या दोन हुकांना लावतात. चालताना घोड्याचे खांदे आळीपाळीनं पुढं जातात. दांडा फिरत असेल तर पट्टा खांद्याबरोबर जातो, नसेल तर खांदा पट्ट्याखाली दर पावलाला घासतो. फेल्टनं एवढंच होतं की घासणारी वस्तू मऊ होते. फिरता दांडा बसवून घ्या, काम किरकोळ आहे.

दुसरं, उंची. पट्ट्याची खालची कड खांद्याच्या पुढं आलेल्या हाडाच्या जरा वर, वरची कड श्वासनळीच्या खाली. वर सरकला तर श्वास कोंडतो, खाली घसरला तर पाय अडतो. छाती आणि पट्ट्यात आडवा तळहात सहज जावा.

घोडा ओढीत असताना दांड्यांच्या कड्या गादीच्या मधोमध सरळ लोंबायला हव्यात. पुठ्ठ्याचा पट्टा बसायच्या हाडाच्या दोन-तीन इंच खाली आडवा, आणि तेव्हा त्यात उभी मूठ मावावी. दांड्यांची टोकं खांद्याच्या हाडापुढं नकोत, आणि पुठ्ठा ते गाडी किमान एक फूट मोकळं. दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, घालताना शेपटीचा एकही केस तिच्याखाली अडकू देऊ नका. त्या एका केसापायी घोडा शेपूट घट्ट दाबतो आणि मग लाथ झाडतो. खांद्यांवरचे केस पुन्हा येईपर्यंत साज बंद, घाम साध्या पाण्यानं धुवा.

प्रश्न : घोडी 95 किलोची, मी 82 किलोचा. तिला ओढवेल का? (इलिनॉय)

रस्त्यावर अवलंबून. गाडी 45 किलो धरली तर तुमच्यासकट सुमारे 130 किलो. गुळगुळीत डांबरावर चाकांना वजनाच्या दोन-तीन टक्केच ओढ लागते, म्हणजे चार किलोच्या आत. घोडा बराच वेळ टिकवून देऊ शकतो ती ओढ त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी धरतात, इथं साडेनऊ किलो. म्हणजे सपाटीवर ती मजेत जाईल. शंभर फुटांत पाच फुटांचा चढ आला की साडेसहा किलो वाढले, दहाच्या वर गेलो. शिवाय स्वतःचं अंगही तिला वर न्यायचं आहे. अशा चढाला उतरून चाला. भुसभुशीत वाळूत ओढ पंधरा टक्के किंवा जास्त, म्हणजे वीस किलोच्या घरात, तिथं नेऊच नका. उताराला हाच भार पुढं ढकलतो आणि बहुतेक छोट्या गाड्यांना ब्रेक नसतो. पुठ्ठ्याचा पट्टा नसेल तर सगळा भार तंगावर, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्यावर, आणि पाठीच्या गादीवर येतो. प्रदर्शनातले हलके साज त्या पट्ट्याविना असतात, ते सपाट मैदानापुरतेच.

बसल्यावर दांड्या कड्यांत तरंगायला हव्यात, एका बोटानं उचलतील इतपत. पाठीवर भार वाटला तर आसन मागे घ्या.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून तट्टू घेऊन शेतावर छोटी गाडी करायची आहे. हीच पद्धत चालेल? आणि कायद्याची अडचण नाही ना? (नंदुरबार जिल्हा)

पद्धत हीच, मापं वेगळी. चाळीस-पंचेचाळीस इंचांच्या तट्टाला मिनिएचरचा साज येणार नाही. दत्तजयंतीच्या यात्रेत मिळणारं जनावर बहुधा आधीच कुणीतरी बसून फिरवलेलं असतं, तेही काटेरी लगामावर. ओठांचे कोपरे आणि जीभ उघडून बघा. जुने व्रण असतील तर दोन महिने कडियाळंच नको, मोहरकीवर सगळं नव्यानं. काटेरी लगाम 1965 च्या ओढकामाच्या जनावरांच्या नियमांनी बंद आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त, सलग पाच तासांपेक्षा जास्त, आणि पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम घ्यायला मनाई आहे. शिकाऊ तट्टासाठी तर अर्धा तास हाच दिवस. घेताना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा तपासणी अहवाल मागा. हा आजार माणसालाही होतो.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, उच्च न्यायालयानं 2015 साली बेकायदा ठरवल्या, म्हणून तुम्ही विचारलं असावं. तो प्रश्न मुंबईत हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचा होता.

प्रश्न : चाबूक लागतोच का? (ओहायो)

लागतो, मारायला नाही. स्वाराला पाय असतात, गाडीवाल्याला तेवढी एक काठी. आसनावरून खांद्यापर्यंत पोचेल इतका लांब घ्या आणि कुशीला टेकवा. पुठ्ठ्यावर लावलात तर उत्तर लाथेनं मिळेल.

प्रश्न : पहिल्या लांब फेरीनंतर घोडी दोन वेळा चारा खात नाही. थकली असेल, उद्या बघू का? (टेक्सास)

आजच डॉक्टरांना बोलवा. मिनिएचर घोडा उपाशी राहिला की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बिघडतं. लठ्ठ आणि गाभण घोड्यांना धोका सगळ्यात जास्त. दोन दिवस वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. डॉक्टर येईपर्यंत पाणी आणि वाळलं गवत समोर ठेवा, टापांना हात लावून गरम आहेत का ते बघा, आणि शेवटचं कधी खाल्लं ती वेळ लिहून ठेवा. पहिला प्रश्न तोच असतो.