बिस्मिल्लाची पाटी

बेटा,

अस्सलामु अलैकुम.

परवाचा तुझा निरोप तीनदा ऐकला. मागे पागोळ्यांचा एवढा आवाज होता की पहिल्यांदा अर्धंच कळलं. मामाच्या धाकट्याची बिस्मिल्ला झाली, बोट धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं, गळ्यात मोगऱ्याचा हार, नानीने केलेली सांदणं, हे सगळं ऐकून इथे दोह्यात माझा जीव कासावीस झाला. आणि शेवटी तुझा प्रश्न: "अम्मी, माझी इजिप्तची मैत्रीण म्हणते की असलं काही इस्लाममध्ये नसतंच. मग हे मुसलमानांचं की कोकणातलं? आणि तो तर अजून बोबडं बोलतो, त्याला काय कळणार?"

फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

मैत्रीण खरं तेच सांगते. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्ला करायची, हा हिशेब कुराणात नाही, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांतही नाही. हा आपल्या हिंदुस्थानकडचा रिवाज. ज्या घरी तो करत नाहीत, तिथल्या पोरांचं काही अडत नाही. आपल्या शेजारच्या काकू दसऱ्याला नातवाची पाटी पुजतात ना, एक-एकचे आकडे जोडून त्यावर सरस्वती काढतात. देव वेगळा, प्रार्थना वेगळी, पण पोराचं पहिलं अक्षर घराने सणासारखं साजरं करावं ही हौस आपल्या मातीत दोन्हीकडे आहे, आणि मला ती फार प्रिय आहे.

आता मौलवीसाहेबांनी त्याच्याकडून काय म्हणवून घेतलं ते आठव. "इक्रा बिस्मि रब्बिक." वाच, तुझ्या रबच्या, पालनकर्त्याच्या नावाने. सन 610 च्या सुमारास मक्केजवळ हिराच्या गुहेत पैगंबर साहेबांवर उतरलेला हा पहिला शब्द. रोजा-जकातीचे, म्हणजे उपवास-दानाचे हुकूम पुढे आले, आधी आलं ते "वाच". त्याच पाच आयतींमध्ये लेखणीचं नाव आहे, आणि माणसाला जे ठाऊक नव्हतं ते अल्लाहने शिकवलं, असं आहे. रिवाज आपला, पण त्याच्या पोटातली गोष्ट तिथून आलेली.

त्याला काय कळणार, याचं उत्तर मात्र मला सावकाश द्यायचं आहे. आपण बोलताना "त्याची फितरतच तशी" म्हणतो, तो शब्द मुळात फार मोठा आहे. हदीस अशी आहे की प्रत्येक मूल फितरतवर जन्मतं, मग आईबाप त्याला यहुदी, ख्रिस्ती किंवा मजूसी, म्हणजे अग्निपूजक करतात. म्हणजे मूल येतं तेच खऱ्याकडे आणि चांगल्याकडे तोंड करून. त्याच्या डोक्यावर कोणाच्या पापाचं ओझं नसतं. आदमची चूक अल्लाहने माफ केली, ती नातवंडांच्या खात्यावर चढवली नाही. तुझ्या जन्माच्या रात्री हे मला आठवलं आणि धडकीच भरली. पोर चांगलंच आलं आहे, आता बिघडवायला आपण आहोत.

माणूस फरिश्ता आहे, असं मात्र कुराण म्हणत नाही. तो दुबळा आहे, उतावळा आहे, असं स्पष्ट सांगतं. आदमला घडवायच्या वेळी फरिश्त्यांनीच विचारलं होतं, जमिनीवर फसाद करणारा, रक्त सांडणारा कशाला? अल्लाहने आदमला सगळी नावं शिकवली, आणि फरिश्त्यांना जे सांगता आलं नाही ते आदमने सांगितलं. माणसाची इज्जत त्याच्या शिकण्यात आहे, असं मी यातून समजते. मामाचा धाकटा दिवसभर "हे काय, ते काय" विचारून जीव खातो म्हणालीस. विचारू दे. नावंच तर शिकतो आहे.

आता माझी एक गोष्ट, तुला कधी सांगितली नव्हती. मी सात वर्षांची असताना सकाळी अरबी शिकायला जायची. शिकवणाऱ्यांच्या हातात निगडीची फोक असे. "ऐन" हा अरबी हरफ घशातून नीट निघाला नाही की तळहातावर. दोन महिन्यांत मी खोटं बोलायला शिकले. कधी पोट दुखे, कधी किताब सापडत नसे. खूप वर्षांनी वाचलं की थोर इतिहासकार इब्न खल्दूनने 1377 साली नेमकं हेच लिहून ठेवलं आहे: सक्तीने शिकवलेलं मूल आळशी होतं, मारापासून वाचायला खोटं बोलू लागतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो. वाचताना माझा तळहात चुरचुरला. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारे इमाम गजाली तर त्याच्याही आधीचे. ते म्हणतात, धड्यानंतर पोराला खेळू द्या, नाहीतर त्याचं मन मरतं. ज्यांनी मला मारलं त्यांनी दीनच्या, म्हणजे धर्माच्या नावाने मारलं, आणि दीनच्या थोर आलिमांनी, जाणकारांनी तर हे केव्हाच चूक ठरवलेलं!

नानीने मला तिथून काढलं. पडवीत तांदूळ निवडत बसायची आणि मी तिच्या पुढ्यात वाचायची. चुकलं की बोट थांबे, एवढंच. मी पुन्हा म्हणायची, तिचं बोट पुन्हा तांदळात चालू. "ऐन" मला त्याच पावसाळ्यात आला.

म्हणून परवा धाकट्याचं बोट नानीनेच धरलं होतं, हे तू सांगितलंस तेव्हा मी गप्प झाले होते. रडत नव्हते गं.

मागच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडायला लाव नानीला. तळाशी जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली पाटी आहे, तुझ्या बिस्मिल्लाची. "बे" या अक्षराच्या पोटाखालचा नुक्ता, तो ठिपका, तू त्याच्या डोक्यावर दिला आहेस. नानीने तो पुसू दिला नाही. धाकट्याला दाखव.

तुझी,
अम्मी