परतीचे पक्षी बघायचे तर

प्रिय मित्रा,

होळी झाली, थंडी सरली, आता दुर्बीण गुंडाळून ठेवायची का, असं तू विचारलंस. मुळीच नको. थंडीत आलेले पाहुणे पक्षी आत्ताच तर परत निघतात. पाहुणा पक्षी येतो तेव्हा लगेच लक्षात येतं; काल तार मोकळी होती, आज तिच्यावर माळभिंगऱ्या बसल्यात. जाताना मात्र कुणी सांगून जात नाही. शेवटचा धोबी पक्षी दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कळायला मार्गच नसतो. ते कळतं पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत तो दिसला नाही म्हणजे. म्हणून वसंतातल्या वहीत ‘दिसला’ याइतकंच ‘दिसला नाही’ हेही मोलाचं, आणि ते खात्रीने लिहायचं तर पुन्हा पुन्हा त्याच जागी जावं लागतं.

जागा एकच धर. मसाई पठार उत्तम. पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेवरचा हा जांभ्याचा उघडा सडा, झाडं नाहीतच म्हणावीत. पठारावर साधारण दोन किलोमीटरची एक रेघ ठरव, वाटेत एखादं डबकं येईल अशी. यंदा आत्तापासून आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला तीच रेघ, तीच वेळ आणि तोच वेग, म्हणजे दोन किलोमीटरला दीड तास. एखादा आठवडा चुकला तर ‘गेलो नाही’ असं स्पष्ट लिही. रकाना कोरा सोडलास की वर्षभरानंतर तूच त्याचा अर्थ ‘पक्षी नव्हते’ असा लावशील. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबाच्या यात्रेने वाडी रत्नागिरीचे रस्ते तुंबतात, तेव्हा त्या आठवड्यातली फेरी दोन दिवस अलीकडे घे.

मार्चअखेर आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. तेव्हा तू रेघेच्या सुरुवातीला उभा असायला हवास. छोटे पक्षी बहुतेक रात्री उडतात, पहाटे उतरतात आणि उतरल्या उतरल्या खायला लागतात. पुढच्या पल्ल्यासाठी अंगात चरबी साठवायची असते, म्हणून या दिवसांत ते अधाशासारखे खातात. डबक्याच्या काठावरच्या धोब्याला फोटोसाठी चार वेळा उडवलंस तर त्याचं नुकसान होतं. तीस-चाळीस पावलांवर बसून राहा. नऊनंतर सडा तापतो, हवा वर चढू लागते आणि शिकारी पक्षी तिच्यावर गिरक्या घेत उंच जातात. पण त्याच उन्हाने साडेदहानंतर जमिनीलगतची हवा थरथरते. त्यानंतर दोनशे मीटरपलीकडच्या पक्ष्याचं नाव खात्रीने सांगू नकोस. पिसांच्या कडा हलतात, रंग मिसळतात, आणि आपल्याला जे हवं तेच दिसायला लागतं.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. पठारावर वारा असतो, १० पटीची हातात थरथरते. सकाळी ऊन पाठीशी ठेवून पश्चिमेकडे बघ. नुसत्या निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी डोळ्यांना सापडत नाही. म्हणून समोरच्या डोंगराची कड धर आणि तिच्या जरा वरून दुर्बीण सावकाश सरकव, प्रत्येक दृश्य आधीच्या अर्ध्यावर चढेल अशी.

आता ओळख. इथले आणि पाहुणे यांची गल्लत झाली की सगळी वही वाया जाते. ओढ्यावरचा मोठा धोबी बारमाही आहे: डोकं काळं, त्यावर फक्त लांब पांढरी भुवई. पाहुण्या पांढऱ्या धोब्याचं कपाळ आणि गाल पांढरे असतात. माळभिंगरीचा गळा तांबूस, त्याखाली गडद पट्टा, पोट स्वच्छ. कमरेवर तांबूस आणि पोटावर रेघा असलेली लालबुडी भिंगरी वेगळी, आणि पन्हाळ्याच्या तटबंदीला घरटी करणाऱ्या तपकिरी पाकोळ्या तर मोजायच्याच नाहीत. खरूचीची, म्हणजे त्या छोट्या ससाण्याची, शेवटची तारीख लिहू नकोस. सह्याद्रीच्या कड्यांवर काही खरूच्या कायम राहतात, त्यामुळे ती तारीख फसवी ठरते.

भोवत्यांकडे मात्र जास्त वेळ दे. गवतावरून खाली, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत जाणारे शिकारी पक्षी ते. पांढुरक्या भोवत्याच्या नराच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते, बाकी पंख स्वच्छ. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावर आडवी काळी रेघ असते आणि त्याचं टोक जास्त काळं. माद्या आणि पिल्लं तपकिरी. त्यांना नुसतं ‘भोवत्या’ लिही, त्यात कमीपणा नाही. हे पक्षी कझाकस्तानसारख्या दूरच्या गवताळ प्रदेशांत वीण करतात आणि रात्री जमिनीवरच, गवतात एकत्र मुक्काम करतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून लांबून मोज, मुक्कामाच्या गवतात पाय ठेवू नकोस.

या दिवसांतली सर्वात सुंदर गोष्ट जवळून बघायची असते. काळ्या डोक्याच्या भारिटाचा नर थंडीत मळकट दिसतो, कारण डोक्यावरच्या काळ्या पिसांना तपकिरी किनार असते. ही किनार झिजत जाते आणि मार्चअखेर खालचं काळं उघडं पडतं. पळसमैनेचा गुलाबी रंगही असाच झिजून उजळतो. म्हणून संख्येबरोबर रंगही लिही: ‘डोकं अर्धं काळं’, ‘पूर्ण काळं’. शाळूच्या रानाकडेला हे भारीट आणि पांगाऱ्या-सावरीच्या फुलांवर पळसमैना, दोन्ही तुला पठाराच्या पायथ्यालाच भेटतील.

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोज, तेवढ्या दहांची जागा डोळ्यांत भरून घे, मग ती थव्यावर पुढे सरकवत जा. दाट थवा माणूस बहुधा कमीच मोजतो. ‘३५० ते ४५०’ असं लिहिलंस तरी चालेल. ‘खूप’ चालणार नाही. थवा कुठल्या दिशेला गेला आणि वारा कुठून होता हेही त्याच ओळीत. पेन्सिल वापर, घामाने शाई पसरते. संध्याकाळी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, संपूर्ण यादी भर, ओळखलेला एकही पक्षी न गाळता. तरच तुझं ‘नाही’ इतरांच्या उपयोगी पडेल.

मार्चपासून टिटव्या उघड्या खडीवरच अंडी घालतात, ती खड्यांसारखीच दिसतात; चंडोलांची घरटीही जमिनीवरच असतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या पावली मागे फिर. गवताला कुणी काडी लावत असेल तर वाद न घालता गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि वनखात्याला कळव. वणव्यानंतर काळ्या जमिनीवर पक्षी गोळा झालेले दिसतात खरे, पण त्या गवतातली घरटी गेलेली असतात.

पाणी तीन लिटर, टोपी, आणि कुणाला तरी सांगून जाणं. एप्रिलमध्ये वळवाचे ढग दुपारी भरभर चढतात. उघड्या सड्यावर सर्वात उंच तूच असतोस, म्हणून गडगडाट ऐकू आला की लगेच खाली उतर.

पहिल्या चार फेऱ्यांची पानं मला पाठव. न ओळखलेल्या भोवत्यांच्या पंखांची चित्रं काढलीस तर तीही, कशीही आली असली तरी.

तुझा,
काका