एसएसआयची अट चालत नाही? आधी हे बघा

घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचंच इथे अडतं. एसएसआय म्हणजे सर्व्हर साइड इन्क्लूड्स: पान पाठवण्याआधी सर्व्हरने वाचायच्या, एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या सूचना. 'अमुक असेल तर हे दाखव' ही अट त्यातलीच एक. अट दुरुस्त करण्याआधी ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा. तुमची एसएसआयची ओळ तिथे जशीच्या तशी दिसली, तर सर्व्हर ती वाचतच नाहीये. मग अटीशी झटापट करून उपयोग नाही. फाइलचं एक्स्टेंशन डॉट एसएचटीएमएल आहे का पाहा, आणि होस्टने (तुमची साइट ठेवणाऱ्या कंपनीने) एसएसआय चालू करणारं 'इन्क्लूड्स' हे सेटिंग ठेवलंय का ते विचारा. 'एरर ऑकर्ड' असा कंसातला मजकूर आला, तर उलट आनंद माना: सर्व्हर वाचतोय, चूक तुमच्या ओळीत आहे.

नवखे हमखास इथे चुकतात:
- <!-- आणि # यांच्यामध्ये जागा सोडणं. तिथे जागा नको. शेवटच्या --> आधी मात्र हवी.
- बाहेर आणि आत एकाच प्रकारचं अवतरणचिन्ह. बाहेर दुहेरी असेल तर आत एकेरी.
- जुन्या लेखातली अट जशीच्या तशी उचलणं.

सगळ्यात जास्त वेळ हे तिसरंच खातं. अपाची या वेब सर्व्हरच्या २.४ आवृत्तीपासून (२०१२) अटींची भाषाच बदलली. आता डॉलर लावून व्हेरिएबलचं (किंमत साठवणाऱ्या नावाचं) नाव लिहिण्याऐवजी ते व्ही (v) फंक्शनच्या कंसात द्यायचं. जुनी पानं ढीगभर असतील तर जुना पार्सर (अटी जुन्या पद्धतीने वाचणारा भाग) चालू करणारी एक ओळ एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकता येते. नव्या पानासाठी ती पळवाट नको.

आणि सुरुवातीला एकच अट, एकच व्हेरिएबल. ते व्हेरिएबल एको करून, म्हणजे पानावर छापून, खरी किंमत बघा. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना जुळवणारी अट) नंतर.